फोनमधून पैसे येत नाहीत : लहान मुलांना पैशाचा व्यवहार कसा शिकवावा

मासळीबाजारात आई बांगड्यांचा वाटा घेते. पिशवी भरून झाली की कोळणीच्या पाटीशेजारी लावलेल्या चौकोनी कोडसमोर फोन धरते, आणि बाजूचा छोटा डबा बोलतो, ‘दोनशे रुपये प्राप्त झाले.’ आईच्या पदराला धरून उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या मुलाने एवढंच पाहिलं. नोट दिसली नाही, सुटे परत आले नाहीत, पाकीट रिकामं होताना दिसलं नाही. संध्याकाळी तो खेळण्यासाठी हटून बसतो, आई म्हणते, ‘आता पैसे नाहीत.’ त्यावर मूल म्हणतं, ‘मग फोनवरून दे ना!’ याला हट्ट म्हणता येत नाही. त्याने जे पाहिलं त्यावरून काढलेला तो सरळ निष्कर्ष आहे.

गेल्या काही काळात या प्रश्नाला आणखी धार आली आहे. २१ एप्रिल २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून दहा वर्षं पूर्ण झालेल्या मुलांना स्वतःच्या नावाने बचत खातं उघडून ते स्वतः चालवू देण्याची मुभा बँकांना दिली. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा झाला. म्हणजे एकीकडे मुलाच्या हाती पासबुक येऊ शकतं आणि दुसरीकडे त्याच हातातला फोन त्याचा खिसा कापू शकतो. दहाव्या वर्षी खातं चालवायचं तर तयारी चौथ्या-पाचव्या वर्षापासून हवी. ती घरात, फारसा खर्च न करता होते.

आधी मुळापासून : पैसा म्हणजे दिलेला शब्द

वीस रुपयांची नवी, हिरवट पिवळी नोट मुलासमोर ठेवा. मागच्या बाजूला वेरूळची लेणी आहेत. तिथेच एका पट्टीत पंधरा भाषांमध्ये ‘वीस रुपये’ लिहिलेलं आहे. त्यातली मराठी ओळ मुलाला शोधू द्या, कोकणीही सापडेल. मग नोट उलटी करा. पुढच्या बाजूला हिंदीत छापलं आहे, ‘मैं धारक को बीस रुपये अदा करने का वचन देता हूँ’, आणि खाली रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची सही.

कागदाचा हा तुकडा वाणी घेतो आणि बदल्यात साखर देतो, कारण उद्या तोच कागद घाऊक व्यापारी आपल्याकडून घेईल याची त्याला खात्री असते. सगळा व्यवहार त्या ‘वचन’ शब्दावर चालतो. मुलाला हे सांगताना ‘चलन’, ‘अर्थव्यवस्था’ असले शब्द लागत नाहीत. ‘हा कागद म्हणजे सगळ्यांनी मिळून पाळलेला शब्द आहे’ एवढं पुरे.

हे आधी सांगायचं कारण असं, की मुलांच्या पैसेशिक्षणात सर्वांत जास्त चूक इथेच होते. पालक बेरीज-वजाबाकी शिकवतात, बचतीचे फायदे सांगतात, आणि घरातला शब्द मात्र मोडतात. ‘रविवारी देते’ म्हणतात आणि रविवारी विसरतात.

मूल थांबायला कसं शिकतं?

पैसे साठवणं म्हणजे आत्ताची मजा पुढे ढकलणं. यावरचा एक प्रयोग फार गाजला आहे. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून लहान मुलांसमोर एक गोड वडी ठेवली आणि सांगितलं, थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात सरस ठरली, असा त्याचा बोलबाला झाला. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांची माहिती घेऊन पुन्हा तपासलं तेव्हा हा संबंध बराच फिका निघाला. घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर तर फारच थोडा उरला.

पालकांच्या जास्त कामाचा प्रयोग दुसरा आहे. रॉचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची २८ मुलं घेतली. वडी समोर ठेवण्याआधी त्यांना चित्रं काढायला बसवलं आणि मोठ्या माणसाने सांगितलं, ‘थांब, मी याहून चांगले रंग आणतो.’ निम्म्या मुलांना खरोखर रंग आणून दिले. उरलेल्यांना रिकाम्या हाताने येऊन ‘अरे, नाहीतच की’ असं सांगितलं. मग वडी ठेवली. ज्यांना दिलेला शब्द पाळला गेला ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांचा शब्द मोडला ती तीन मिनिटांत वडी खाऊन मोकळी झाली. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४ पैकी ९ होती, दुसऱ्यात १४ पैकी एकच.

म्हणजे न थांबणारं मूल उतावळंच असतं असं नाही. समोरच्या माणसाचा भरवसा नसेल तर हातातलं खाऊन टाकणं हाच शहाणपणा असतो. पुढे दिलेल्या सगळ्या सूचनांना हा पाया आहे. रक्कम लहान चालेल, दिलेला शब्द मात्र मोडायचा नाही.

खाऊचे पैसे : किती, कधी, कसे

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला ठरलेली रक्कम देण्याची गरज नाही. त्याला नाणी हाताळू द्या : एक, दोन, पाच, दहा आणि बारा कोनांचं वीसचं. या वयात नाणं जितकं मोठं तितकं मोलाचं असं मुलांना वाटतं, म्हणून एकेकाची पाच नाणी एका पाचच्या नाण्यासमोर मांडून दाखवावी लागतात. दुकानात दोन वस्तूंपैकी एक निवडायला सांगा आणि पैसे त्याच्या हातून द्या. या वयाला एवढंच शिक्षण पुष्कळ झालं.

सहाव्या-सातव्या वर्षापासून आठवड्याची रक्कम सुरू करावी. ती ठरवण्याची सोपी पद्धत आहे. दोन आठवडे मुलासाठी होणारा फुटकळ खर्च कागदावर लिहा : शाळेतून येताना घेतलेली पाच रुपयांची पाकिटं, गोळ्या, स्टिकर, हरवलेलं खोडरबर. बेरजेला दोनने भागा. येणाऱ्या आकड्याच्या आसपास आठवड्याची रक्कम ठेवा, आणि त्या दिवसापासून हा खर्च आपल्या खिशातून पूर्ण बंद करा. रक्कमही द्यायची आणि मागितलं की पाकीटही घेऊन द्यायचं, असं झालं की दोन महिन्यांत सगळं बारगळतं.

समजा आठवड्याला ३० रुपये ठरले. नोटा देऊ नका, सुटे द्या : पाचची चार नाणी, दोनची चार, एकची दोन. वाटून ठेवता येत नसेल तर मूल वाटणार नाही. वार पक्का करा, शक्यतो तुमच्याकडच्या आठवडा बाजाराच्या आदल्या दिवसाचा. शनिवारी दिले तर दर शनिवारी, मुलाने आठवण करून देण्याआधी द्यायचे. सहा-सात वर्षांच्या मुलाला महिन्याची रक्कम एकदम देऊ नये, कारण त्या वयात तीस दिवस हा मापता न येणारा काळ असतो. नऊ-दहाव्या वर्षी पंधरवड्यावर आणि बाराच्या पुढे महिन्यावर जा.

गुण कमी पडले, भांडण केलं, डबा खाल्ला नाही म्हणून ही रक्कम कापू नका. शिक्षा करायची तर दुसरी करा. रक्कम कापली की ती मुलाच्या लेखी ‘माझी’ राहत नाही, आईबाबांच्या मर्जीची होते. मर्जीच्या पैशाचं नियोजन कोण करणार?

तीन बरण्या

मातीचा गल्ला दिसायला सुंदर असतो, पण शिकवण्यासाठी तो अपुरा आहे. आत किती आहे दिसत नाही, फोडल्याशिवाय निघत नाही, आणि फोडला की सगळं एकदम संपतं. त्यापेक्षा लोणच्याच्या किंवा बिस्किटांच्या झाकणवाल्या पारदर्शक बरण्या घ्या. तीन : खर्च, साठा आणि दुसऱ्यासाठी. तीस रुपयांपैकी पंधरा, दहा आणि पाच ही सुरुवातीची वाटणी चांगली चालते. झाकण घट्ट हवं. पावसाळ्यात किनाऱ्यालगतच्या घरात दमट हवेने नोटा सादळून एकमेकींना चिकटतात, म्हणून बरणीत नाणी ठेवा आणि नोटा साठल्या की काढून घ्या.

साठ्याच्या बरणीवर नुसतं ‘बचत’ लिहू नका. वस्तूचं नाव आणि किंमत लिहा. पहिलं लक्ष्य तीन-चार आठवड्यांत गाठता यावं : आठवड्याला दहा रुपये जात असतील तर चाळीस रुपयांचा चेंडू. बरणीला कागदाची पट्टी चिकटवा, चार चौकोन आखा, पैसे टाकले की मुलाने एक चौकोन रंगवायचा. पहिल्याच वेळी दोन हजारांची सायकल लक्ष्य ठेवली तर पाचव्या आठवड्यात मूल बरणीकडे पाहणं सोडतं. सायकल दहाव्या वर्षासाठी ठेवा.

व्याज समजावायचं असेल तर घरचं व्याज द्या. महिन्याच्या शेवटच्या रविवारी साठ्याच्या बरणीतले पैसे मुलासोबत मोजा आणि दर दहा रुपयांमागे एक रुपया आपल्याकडून टाका. पहिल्या महिन्यात चाळीस साठले, चार रुपये मिळाले : ४४. दुसऱ्या महिन्यात आणखी चाळीस पडून ८४ झाले, आठ मिळाले : ९२. तिसऱ्यात १३२ झाले, तेरा मिळाले : १४५. मुलाने टाकले १२०, वरचे २५ व्याजाचे. चारवरून आठ, आठवरून तेरा हे वाढते टप्पे त्याच्या डोळ्यांना दिसतात. व्याजावर व्याज म्हणजे चक्रवाढ, ते हेच.

पण मूल नऊ-दहा वर्षांचं झालं की खरंही सांगा : बँका इतकं देत नाहीत. पोस्टाचं बचत खातं वर्षाला चार टक्के देतं, म्हणजे शंभर रुपयांवर पूर्ण वर्षाचे चार रुपये. शंभरावर महिन्याला दहा देण्याचं आमिष कुणी दाखवलं तर ते खोटं असतं, हेही त्याला आकड्यांतून तिथेच समजेल. घरचं व्याज हा सराव आहे हे सांगून ते हळूहळू बंद करा.

आगोट : मुलाला आधीच माहीत असलेली बचत

कोकणातल्या मुलाला बचतीची कल्पना परक्या उदाहरणांतून द्यावी लागत नाही. एप्रिल-मे महिन्यांत त्याच्या घरात ती डोळ्यांसमोर घडते. सुकट, बोंबील, सोडे डब्यात भरले जातात. रतांब्यांची सालं रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळत घातली जातात. वर्षाचा मसाला कुटला जातो, लाकूडफाटा पडवीत रचला जातो. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिकी बोटींची मासेमारी बंद असते, पावसाने वाटा अडतात, हातात येणारा पैसा आटतो. म्हणून आधीच बेगमी करायची, तीच आगोट.

मुलाला या कामात घ्या आणि प्रश्न विचारा. ‘हे सोडे आजच का खायचे नाहीत?’ ‘पावसात बोट जात नाही तेव्हा घरात पैसे कुठून येतात?’ साठ्याची बरणी म्हणजे त्याची आगोट हे तो आपणहून म्हणेल. बागायतदाराच्या घरी हाच धडा आंब्यावर देता येतो : पैसे मार्च ते मे या तीन महिन्यांत येतात, खर्च बाराही महिने चालतो. सणासाठी, खतासाठी, शाळेसाठी वेगळ्या पाकिटांत रक्कम ठेवताना मुलाला शेजारी बसवा. अंदाजपत्रक म्हणतात ते हेच : येणाऱ्या पैशाला आधीच कामं वाटून देणं.

आठ वर्षांपुढच्या मुलावर आगोटीतला एक कोपरा सोपवा, शाळेचा. समजा छत्री, सहा वह्या, पेनं आणि डबा यांसाठी सहाशे रुपये ठरवले. आधी घरात काय आहे ते त्याने तपासायचं : गेल्या वर्षीच्या वह्यांतली कोरी पानं शिवून एक कच्ची वही होते, जुन्या छत्रीची काडी दुरुस्त होते. मग यादी, मग दुकान. वाचलेले पैसे त्याचे. हा शेवटचा नियम पाळला नाही तर पुढच्या वर्षी जुनी छत्री दुरुस्त करायला कुणी पुढे येणार नाही.

जत्रेतले शंभर रुपये

खर्च शिकवायला जत्रेसारखी शाळा नाही. शंभर रुपये, दहाच्या दहा नोटा, कमरेच्या छोट्या पिशवीत. निघण्याआधी दोन गोष्टी ठरवून घ्या : पाळण्याचे पैसे कोण देणार, आणि पैसे संपले की काय. उत्तर : संपले की संपले.

पोचल्यावर पहिली फेरी काहीही न घेता मारायची. खाजा कुणाकडे कितीला पाव किलो, तेच खेळणं दोन दुकानांत किती फरकाने, हे मुलाने पाहून यायचं. दुसऱ्या फेरीत खरेदी. एवढ्या एका सवयीने अर्धी घाईची खरेदी टळते.

तरीही चूक होणारच. पहिल्याच दुकानात साठ रुपयांची बंदूक घेतली जाईल आणि घरी पोचेपर्यंत तिचा घोडा तुटेल. तेव्हा दोन गोष्टी करू नयेत. ‘सांगत होते ना’ म्हणू नये, आणि नवी घेऊन देऊ नये. दुसऱ्या दिवशी शांतपणे विचारावं, ‘पुढच्या जत्रेत काय वेगळं करशील?’ सातव्या वर्षी साठ रुपयांत झालेली चूक स्वस्त असते, सत्ताविसाव्या वर्षी तीच चूक कर्जाच्या हप्त्यांत फेडावी लागते.

एरवीच्या बाजारातही दोन कौशल्यं शिकवा. पहिलं, सुटे मोजणं. बिल ३७ रुपये, दिले ५०. वजाबाकी करण्याऐवजी वर चढत मोजायला शिकवा : सदतीसला तीन मिळवले चाळीस, आणखी दहा झाले पन्नास, म्हणजे तेरा परत. जुने दुकानदार असेच मोजतात, आणि मुलांची यात चूक होत नाही. दुसरं, पाकिटावरचं वजन वाचणं. दहा रुपयांच्या वेफरच्या पाकिटात २५ ग्रॅम असतील तर किलोचा भाव चारशे रुपये पडतो. असा हिशेब केलेलं मूल पुढचं पाकीट घेण्याआधी घरच्या केळ्यांच्या कापांचा विचार करतं. किंमत तीच ठेवून वजन कमी करणं ही कंपन्यांची नेहमीची पद्धत आहे, ती मुलांना या एका सवयीने पकडता येते.

फोनमधला पैसा कसा दाखवायचा?

२०१६ मध्ये आलेलं यूपीआय मुलाला असं सांगा. आपली एक वही आहे, कोळणीची एक वही आहे, दोन्ही बँकेत असतात. फोन म्हणजे बँकेला पाठवलेली चिठ्ठी : ‘आमच्या वहीतून दोनशे कमी कर, त्यांच्या वहीत दोनशे वाढव.’ फोनमध्ये पैसे नसतात. आपल्या वहीत शिल्लक नसेल तर कितीही महागड्या फोनवरून चिठ्ठी पाठवली तरी उपयोग नाही.

हे नुसतं सांगून भागत नाही, दिसायला हवं. आठवड्याच्या बाजारहाटासाठी हजार रुपये धरले असतील तर एका वाटीत वीस चिंचोके ठेवा, एक चिंचोका पन्नास रुपयांचा. फोनवरून पैसे दिले की मुलाने तेवढे चिंचोके काढायचे. मासळीचे दोनशे, चार चिंचोके बाहेर. गुरुवारी वाटीत दोनच उरले की ‘आज मासळी का नाही’ हे समजावून सांगावं लागत नाही. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना महिनाभर हा खेळ पुरतो.

सुरक्षेचे नियमही याच वयात द्या. पिन पैसे देताना लागतो, पैसे घेताना कधीच लागत नाही. ‘बक्षीस मिळवण्यासाठी पिन टाका’ म्हणणारा चोर असतो. काही ॲपमध्ये लहान रकमा पिनशिवायही जातात, म्हणून उघडा फोन मुलाच्या हाती देताना ती सोय बंद आहे का ते पाहा. खेळांतले ‘हिरे’ आणि ‘नाणी’ खऱ्या पैशांनी विकत घेतलेली असतात. २०२५ चा कायदा पैसे लावून खेळायच्या खेळांसाठी आहे, खेळाच्या आतली ही खरेदी त्याने थांबत नाही. ॲप स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड मागण्याची सोय असते, ती आजच सुरू करा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे मिळणं अवघड.

दहा वर्षं पूर्ण झाली की खातं

दहा वर्षांखालच्या मुलाचं खातं पालकांसोबत कोणत्याही वयात उघडता येतं. दहा पूर्ण झाल्यावर ते स्वतः चालवता येतं. किती रकमेपर्यंत आणि एटीएम कार्ड द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँक ठरवते, म्हणून शाखेत विचारून घ्या. अशा खात्यातून शिलकीपेक्षा जास्त पैसे काढता येत नाहीत, त्यामुळे मूल कर्जात पडण्याची भीती नाही.

वाडीवस्तीसाठी पोस्ट सोयीचं. दहा वर्षांपुढचं मूल तिथेही स्वतःच्या नावे खातं उघडू शकतं. किमान ५०० रुपये ठेवावे लागतात, आर्थिक वर्षाच्या अखेरीस त्याखाली शिल्लक असेल तर ५० रुपये कापले जातात. व्याज मोजताना महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरतात. म्हणजे पैसे दहा तारखेच्या आत भरावेत, पंधराला भरले तर त्या महिन्याचं व्याज गेलं. हा बारकावा मुलालाच सांभाळू द्या, त्याला तो आवडतो. महिन्याला शंभर रुपयांपासून पाच वर्षांची आवर्ती ठेवही चालू करता येते. २०२५ मध्ये तिचा दर ६.७ टक्के होता, त्या दराने भरलेल्या ६,००० रुपयांचे सुमारे ७,१३६ होतात. हप्ता चुकला तर शंभरामागे महिन्याला एक रुपया दंड. भरवसा दोन्ही बाजूंनी पाळायचा असतो हे मुलाला या दंडातून कळतं.

आपल्याकडे पतपेढीचा पिग्मी एजंट रोज दारात येतो, आणि मुलाच्या नावाने दहा रुपये देणं सोपं वाटतं. रोज थोडं बाजूला काढण्याची ही पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण फरक लक्षात ठेवा : बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकांतल्यासुद्धा, प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवींना तो विमा नसतो. मुलाची पहिली बचत जिथे संरक्षण आहे तिथेच ठेवावी असं माझं ठाम मत आहे.

‘एवढ्या लहान वयात पैसा पैसा कशाला?’

पैशाबद्दल घरात बोललं नाही तरी मूल शिकतच असतं, फक्त जाहिरातींकडून आणि खेळांमधून. शिवाय तिसरी बरणी विसरू नका. पालखीपुढची दक्षिणा, शेजारच्या आजीच्या औषधासोबत नेलेली दोन केळी, वर्गातल्या मित्राला दिलेली पेन्सिल हे सगळं तिच्यातून व्हावं. स्वतःच्या पैशातून देणारं मूल पैशामागे लागत नाही.

‘आमचाच महिना भागत नाही’

जास्तीचा पैसा लागतच नाही. जो फुटकळ खर्च आत्ता आपल्या हातून होतो तोच मुलाच्या हातून व्हायचा आहे. पाच रुपये आठवडा ठेवा, पण चुकवू नका. मासेमारी बंदीच्या दिवसांत तेवढेही जमणार नसतील तर मे महिन्यातच सांगा : ‘जून-जुलैत दोनच रुपये, नारळी पौर्णिमेपासून पुन्हा पाच.’ आधी सांगून कमी केलेली रक्कम म्हणजे बदललेला करार, न सांगता बुडवलेली म्हणजे मोडलेला शब्द. मुलांना यातला फरक बरोबर कळतो. घरची ओढाताण त्यांच्यापासून लपतही नाही. ती आकड्यांत सांगितली तर भीती कमी होते.

‘घरकामाचे पैसे द्यावेत का?’

ताट उचलणं, अंथरूण घडी करणं, पाणी भरणं यांचे नाहीत. ती घरात राहण्याची कामं आहेत, त्यांना दर लावला की एक दिवस मूल ‘आज मला पैसे नकोत’ म्हणून ताट सोडून उठेल. हंगामातली जादा कामं वेगळी. खाली पडलेल्या बोंडांच्या काजू बिया काढून गोळा केल्या तर विक्रीतला ठरलेला वाटा द्या, आणि वजन करताना त्याला काट्यासमोर उभं करा. ओल्या बियांच्या चिकाने हात भाजतात, म्हणून लहान मुलांना फक्त पिकून पडलेली बोंडं वेचू द्यावीत, कच्च्या बिया फोडू देऊ नयेत. शाळा आणि खेळ यांच्या वेळात हे काम येता कामा नये.

‘गणपतीला मुंबईचे काका येतात, हातात पाचशे ठेवतात’

आठवड्याला तीस रुपये सांभाळणाऱ्या मुलाच्या हाती एकदम पाचशे, आणि शिमग्यात पुन्हा तेच. नियम सणाआधी ठरवा : शंभरापर्यंतची रक्कम तीन बरण्यांत, त्यावरच्या रकमेतले शंभर हातात आणि बाकी खात्यात. खात्यात भरायला मुलाला सोबत न्या. भरणा पावती त्याने लिहावी, पासबुकात छापलेली ओळ त्याने वाचावी.

‘तुझ्यासाठी ठेवते हं’ म्हणून ती नोट आईच्या पर्समध्ये गेली आणि आठवड्यात गॅस सिलिंडरला लागली, असं बहुतेक घरांत होतं. त्यात वाईट हेतू नसतो. पण मूल शिकतं ते हेच, की ठेवलेले पैसे नाहीसे होतात. रॉचेस्टरची मुलं तीन मिनिटांत वडी खाऊन मोकळी झाली ती याच अनुभवाने.

‘बरणीतले पैसे आम्हालाच लागले तर?’

लागतात. दुकानदाराला द्यायला सुटे नसतात, रात्री औषध आणायचं असतं, नेटवर्क गेलेलं असतं. घ्यायला हरकत नाही, पण मागून घ्या. मूल शाळेत असताना बरणी उघडू नका. मूल नको म्हणालं तर तेही ऐकायची तयारी ठेवा.

हो म्हणालं तर चिठ्ठी लिहा : ‘आईने ३ तारखेला साठ्याच्या बरणीतून ८० रुपये घेतले. १० तारखेला ८५ परत करीन.’ खाली सही, आणि चिठ्ठी बरणीतच, नाण्यांच्या वर. उधारी, मुदत, व्याज आणि सही या चारही गोष्टी मूल त्या आठवड्यात शिकतं. मग दहा तारीख उजाडली की शाळेची रिक्षा यायच्या आत पंच्याऐंशी रुपये मोजून त्याच्या हातात ठेवा, आणि चिठ्ठी त्याला स्वतःच्या हाताने फाडू द्या.